एकत्र जमण्याची कृपा : डिट्रिख बॉनहॉफर



आजचं वाचन : इब्री लोकांस पत्र १०:२४-२५.

बायबल हाताशी असेल तर आधी ही दोन वचनं वाचून घ्या. हे पत्र ज्यांना लिहिलंय, त्यांच्यापैकी काहींनी एकत्र येणं सोडून दिलं होतं. का सोडलं, ते लेखक सांगत नाही. छळाची भीती असेल, थकवा असेल, रुसवेफुगवे असतील. आपल्या तरुण संघात हाच विषय आता वेगळ्या रूपात निघतो. घरी बायबल वाचतो, प्रार्थना करतो, रविवारी यूट्यूबवर आमच्या पाळकांपेक्षा दहापट चांगला संदेश ऐकतो, मग ट्रॅफिकमधून तासभर जाऊन चर्चच्या बाकावर बसायलाच हवं का?

प्रश्न प्रामाणिक आहे, आणि ओरडून गप्प करण्यासारखा तर अजिबात नाही. वाद घालण्यापेक्षा आज एका माणसाचं आयुष्य सांगतो. डिट्रिख बॉनहॉफर हे नाव अनेकांना हिटलरविरुद्धच्या कटामुळे माहीत असतं. मला ते वेगळ्या कारणासाठी जवळचे वाटतात. मंडळी म्हणजे नक्की काय, हा एकच प्रश्न त्यांनी अठराव्या वर्षी हातात धरला आणि वयाच्या ३९ व्या वर्षी मरेपर्यंत सोडला नाही.

डिट्रिखचा जन्म ४ फेब्रुवारी १९०६ चा, ब्रेस्लाऊ शहरातला. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. आठ भावंडं, डिट्रिख आणि साबीना ही जुळी. वडील कार्ल नावाजलेले मानसोपचारतज्ज्ञ, पुढे बर्लिनला प्राध्यापक झाले. घर विद्वानांचं, संगीताचं. आई मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायची, गीतं शिकवायची, झोपताना प्रार्थना व्हायची. पण रविवारी उठून चर्चला जाणं या घरात फारसं नव्हतं. श्रद्धा होती, संस्कार होते, मंडळी नव्हती. ओळखीचं वाटतंय ना?

हा मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असताना म्हणाला की मी ईश्वरविज्ञान शिकणार. मोठ्या भावांनी थट्टा केली. चर्च ही कंटाळवाणी, जुनाट संस्था, तिथे जाऊन काय करणार? त्यावर पठ्ठ्याचं उत्तर असं की, तसं असेल तर मी ती सुधारेन. त्या वयात सगळेच असं बोलतात, म्हणून फार कौतुक नको. खरी ठिणगी पडली ती १९२४ मध्ये, रोममध्ये.

अठरा वर्षांचा डिट्रिख भावाबरोबर इटलीला फिरायला गेला होता. झावळ्यांच्या रविवारी तो सेंट पीटर्सच्या उपासनेत उभा राहिला. वेदीजवळ वेगवेगळ्या वर्णांचे, वेगवेगळ्या देशांचे लोक एकाच वेषात, एकाच प्रभूसमोर. हा पक्का प्रोटेस्टंट घरातला मुलगा, शेवटपर्यंत प्रोटेस्टंटच राहिला, पण त्या दिवशी त्याला पहिल्यांदा कळलं की मंडळी माझ्या घरापेक्षा, माझ्या देशापेक्षा आणि माझ्या मनातल्या भक्तीपेक्षा मोठी आहे. तसं त्याने आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवलं. विशेष म्हणजे ही समज त्याला ग्रंथालयात आली नाही. लोकांच्या गर्दीत उभं राहून आली.

ग्रंथालयातलं काम नंतर झालं. १९२७ मध्ये, अवघ्या एकविसाव्या वर्षी, बर्लिन विद्यापीठात त्याने पवित्र जनांच्या सहभागितेवर डॉक्टरेटचा प्रबंध दिला. ग्रंथ जड आहे, पण गाभा सोपा सांगता येतो. ख्रिस्त आज या पृथ्वीवर कुठे भेटतो? तर एकमेकांसाठी उभ्या राहणाऱ्या त्याच्या लोकांमध्ये. म्हणजे आधी मी एकटा विश्वास ठेवतो आणि मग सोयीनुसार एखाद्या क्लबासारखं मंडळीचं सभासदत्व घेतो, असा क्रमच नाही. मी इंजिनिअर माणूस, माझ्या डोक्यात हे असं बसतं की मंडळी म्हणजे वरून बसवायचं प्लगइन नव्हे.

यापुढे मी त्यांना ‘ते’ म्हणतो. कारण पुढच्याच वर्षी, १९२८ मध्ये, ते स्पेनमधल्या बार्सिलोनाच्या जर्मन मंडळीत सहायक पाळक म्हणून गेले. तिथे त्यांनी मुलांची उपासना सुरू केली, तर पहिल्या रविवारी एकच मुलगी आली. एक! मग ते घरोघरी फिरले, मुलांना भेटले, आणि पुढच्या आठवड्यांत खोली भरू लागली. प्रबंध लिहिणाऱ्याने दारं ठोठावली, ही गोष्ट मला प्रबंधाइतकीच महत्त्वाची वाटते.

१९३० मध्ये ते एका वर्षासाठी न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत गेले. तिथल्या मोठमोठ्या चर्चमधली प्रवचनं ऐकून ते निराश झाले. सगळ्या विषयांवर बोलणं व्हायचं, सुवार्ता तेवढी सापडायची नाही. मग फ्रँक फिशर नावाचा कृष्णवर्णीय सहाध्यायी त्यांना हार्लेममधल्या ॲबिसिनियन बाप्टिस्ट चर्चमध्ये घेऊन गेला. तिथे लोक गात होते, रडत होते, प्रवचनाला मोठ्याने साद देत होते. वर्णभेद रोज सोसणारी माणसं रविवारी एकत्र येऊन पुढच्या सहा दिवसांची ताकद घेऊन जात होती. बॉनहॉफर पाहुण्यासारखे मागच्या बाकावर बसले नाहीत. महिनोन्‌महिने जात राहिले, संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलं. परतताना सामानात त्या गीतांच्या तबकड्या होत्या. या तबकड्या लक्षात ठेवा.

बर्लिनला आल्यावर एका गरीब कामगार वस्तीतला दृढीकरणाचा वर्ग त्यांच्याकडे आला. मुलं इतकी दांडगट की आधीचे वृद्ध पाळक टेकीला आले होते. नवीन पाळक जिना चढून येताना वरून मुलांनी कचरा फेकला. बॉनहॉफर चिडले नाहीत. भिंतीला टेकून हळू आवाजात हार्लेमच्या गोष्टी सांगू लागले, इतक्या हळू की ऐकायचं तर गप्प बसणं भाग. मग त्यांनी त्याच वस्तीत खोली भाड्याने घेतली. मुलं संध्याकाळी येऊन बसायची, खायची, खेळायची. १९३२ च्या मार्चमध्ये दृढीकरणाचा दिवस आला तेव्हा मुलांकडे धड कपडे नव्हते, तर यांनी कापडाचा मोठा तागा आणून प्रत्येकाला सुटापुरतं कापड दिलं. वेदीसमोर येताना कुणाला लाज वाटू नये, एवढंच.

३० जानेवारी १९३३. हिटलर सत्तेवर आला, आणि ‘कोणाबरोबर जमायचं’ हा प्रश्न एकदम जीवघेणा झाला. सरकारी नोकरीतून ज्यूंना काढायचा कायदा आला आणि जर्मन मंडळीतल्या एका मोठ्या गटाला तोच नियम चर्चमध्ये लावायचा होता. ज्यू वंशाचे पाळक नकोत. ज्यू वंशाच्या ख्रिस्ती लोकांनी आपली वेगळी मंडळी करावी. नीट विचार करा. बाप्तिस्मा एकच, प्रभुभोजन एकच, पण तू आमच्या शेजारी बसू नकोस. आपल्या देशातही जातीनुसार वेगळे बाक, वेगळी दफनभूमी असलेली चर्च होती, काही ठिकाणी अजून भांडणं चालू आहेत, म्हणून हा प्रश्न मला परका वाटत नाही. बॉनहॉफर यांचा जिवलग मित्र फ्रान्झ हिल्डेब्रांट हा पाळक होता आणि त्याची आई ज्यू वंशाची. साबीनाचा नवराही ज्यू वंशातला. बॉनहॉफर यांच्या लेखी हा धोरणाचा मुद्दाच नव्हता. ज्या सभेतून अशा भावाला उठवलं जातं, तिथे कितीही सुंदर गायलं तरी ती मंडळी उरत नाही.

त्या शरद ऋतूत ते लंडनला गेले, तिथल्या दोन छोट्या जर्मन मंडळ्यांचे पाळक म्हणून. याच काळात त्यांच्या मनात भारतात यायचं फार होतं. गांधीजींच्या आश्रमात राहून, एकत्र राहणारा आणि एकत्र प्रार्थना करणारा समाज अन्यायाला कसा तोंड देतो ते त्यांना बघायचं होतं. बिशप जॉर्ज बेल यांनी शिफारस केली, गांधीजींनी १९३४ च्या नोव्हेंबरात या म्हणून कळवलं. गांधीजी तेव्हा साबरमती सोडून आपल्या वर्ध्याकडे आले होते. म्हणजे बॉनहॉफर विदर्भात उतरले असते! पण बोलावणं जर्मनीतून आलं. नाझी विचार झुगारणाऱ्या कबुलीजबाब देणाऱ्या मंडळीला, ज्याला जर्मनीत कन्फेसिंग चर्च म्हणत, तरुण पाळक घडवायला माणूस हवा होता. वर्धा राहून गेलं.

१९३५ च्या एप्रिलमध्ये बाल्टिक समुद्राकाठी झिंग्स्ट इथे ही शाळा सुरू झाली आणि जूनमध्ये श्टेटीन शहराजवळच्या फिंकनवाल्डे गावी हलली. सरकारी मान्यता नाही, पगाराची खात्री नाही. जुनं मोठं घर, मंडळ्यांनी पाठवलेलं सामान, एका तुकडीत साधारण पंचवीस तरुण. इथे बॉनहॉफर यांनी जे केलं त्याने विद्यार्थी आधी चक्रावले. दिवसाची सुरुवात आणि शेवट एकत्र उपासनेने. पाचदहा मिनिटांची औपचारिक प्रार्थना नव्हे. आळीपाळीने म्हटलेली स्तोत्रं, जुन्या करारातलं वाचन, गीत, नव्या करारातलं वाचन, मग प्रार्थना. त्यानंतर सकाळी अर्धा तास मौन, आणि आठवडाभर एकाच छोट्या उताऱ्यावर मनन. भाष्यग्रंथ उघडायचा नाही, प्रवचनासाठी मुद्दे काढायचे नाहीत. मुलं कुरकुरली. कुणाला झोप लागे, कुणी पाइप ओढत बसे, कुणाला कळेना की या वेळेचं करायचं काय. बाहेरून टीका झाली की हे मठवासी बनवत आहेत.

मठ कसला! तिथे टेबल टेनिस होतं, समुद्रावर फिरणं होतं, पियानो होता, आणि संध्याकाळी त्या हार्लेमच्या तबकड्या लागायच्या. पोमेरेनियाच्या थंडीत जर्मन पोरं हार्लेमची गीतं ऐकत बसलेली, हे चित्र मला फार आवडतं.

एक नियम साधाच होता पण पाळायला महाकठीण. जो भाऊ खोलीत नाही त्याच्याविषयी बोलायचं नाही. आणि बोलून गेलात तर त्याला जाऊन सांगायचं. ऑफिसातल्या चहाच्या टपरीवर हा नियम एक दिवस पाळून बघा! पुढे विद्यार्थी सांगत की प्रवचनांपेक्षा या नियमाने आम्हाला जास्त शिकवलं. आणखी एक प्रसंग आहे. सुरुवातीच्या दिवसांत स्वयंपाकघरातून मदतीला कुणीतरी या म्हणून निरोप आला. कुणी हललं नाही. बॉनहॉफर काही न बोलता उठले आणि आत गेले. मुलं शरमून मागे धावली, तर यांनी त्यांना आत घेतलंच नाही. बाहेर आल्यावरही त्या विषयावर एक शब्द नाही. प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांजवळ पापकबुली देण्याची प्रथाही त्यांनी सुरू केली. सक्ती नव्हती. पण एके दिवशी त्यांनी स्वतःच एका विद्यार्थ्याला माझी कबुली ऐकशील का असं विचारलं, तेव्हा ती प्रथा वरून खाली येणारी राहिली नाही.

१९३७ च्या सप्टेंबरअखेर गेस्टापोने येऊन फिंकनवाल्डेला कुलूप ठोकलं. वर्ष संपेपर्यंत तिथल्या २७ माजी विद्यार्थ्यांना अटक झाली होती. शिकवणं मग दूरच्या खेड्यांत, पाळकांच्या घरांमध्ये लपूनछपून चालू राहिलं, तेही मार्च १९४० मध्ये बंद पाडलं गेलं.

या मधल्या काळात एक पुस्तक लिहून झालं, जे आज जगभर वाचलं जातं. ख्रिस्ती लोकांच्या सहजीवनावरचं ते छोटं पुस्तक त्यांनी १९३८ च्या शरद ऋतूत चार आठवड्यांत संपवलं, गॉटिंगेनमध्ये साबीनाच्या घरी बसून. साबीना घरात नव्हती. सप्टेंबरातच ती नवऱ्याला आणि दोन मुलींना घेऊन सरहद्द ओलांडून गेली होती, कारण नवऱ्याच्या वंशामुळे जर्मनीत राहणं अशक्य झालं होतं. जुळ्या बहिणीच्या रिकाम्या घरात बसून हा भाऊ एकत्र राहण्याबद्दल लिहीत होता. त्या पुस्तकात गोडगोड काही नाही याचं कारण मला इथे सापडतं.

त्यातला पहिलाच मुद्दा आपल्या प्रश्नाशी भिडतो. दुसऱ्या ख्रिस्ती माणसाचा चेहरा दिसणं, त्याचा आवाज कानावर पडणं, ही गृहीत धरायची गोष्ट नाही, कृपा आहे. आजारी माणसाला, कैद्याला, दूर देशी एकट्याने सेवा करणाऱ्याला ती मिळत नाही. ज्यांना रोज मिळते त्यांना तिची किंमत राहत नाही. आणि दुसरं, जे वाचताना मी दोनदा थांबलो. मंडळी कशी असावी याचं सुंदर स्वप्न घेऊन जो येतो, तोच मंडळीचं सर्वांत जास्त नुकसान करतो. कारण प्रत्यक्षातली माणसं त्या स्वप्नात बसत नाहीत, मग तो आधी त्यांना दोष देतो, नंतर देवाला, शेवटी स्वतःला. बेसूर गाणारी मावशी, लांबलचक प्रार्थना करणारे काका, दर रविवारी बिघडणारा माइक, यांच्यासकट जी मिळाली ती मंडळी. स्क्रीनवरच्या उपासनेची खरी गोडी हीच आहे की तिथे मावशी नाहीत. न आवडलं की टॅब बंद. बॉनहॉफर असंही बजावतात की ज्याला एकांत झेपत नाही त्याने सहभागितेपासून सावध राहावं. म्हणजे एकटेपणा घालवायला चर्च हाही उपाय त्यांना मान्य नाही. तो अर्धा तास मौन उगीच नव्हता.

जून १९३९ मध्ये अमेरिकेतल्या मित्रांनी त्यांना न्यूयॉर्कला बोलावून घेतलं. युद्ध तोंडावर होतं, तिथे ते सुरक्षित राहिले असते. पण त्यांचं मन लागेना. रोजचं वचन वाचताना सारखे आपले विद्यार्थी आठवत. हे रोजचं वचन म्हणजे हर्नहूटच्या मोरेव्हियन मंडळीची पुस्तिका. १७३१ पासून ती दर वर्षी छापली जाते आणि प्रत्येक दिवसाला ठरलेली वचनं असतात. मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या वचनाची ही जुनी वडीलधारी आजी. फरक एवढाच की फिंकनवाल्डेची मुलं पांगल्यावरही सगळे तेच वचन त्याच दिवशी वाचत, एकमेकांची आठवण ठेवून. जुलैत बॉनहॉफर जर्मनीला परतले. आपल्या लोकांबरोबर हा काळ सोसला नाही, तर नंतर त्यांच्यात उभं राहायचा हक्क मला राहणार नाही, असं त्यांना वाटलं.

पुढे मेहुणे हान्स फॉन डोनान्यी यांच्यामार्फत ते हिटलरविरुद्धच्या कटात ओढले गेले. एका पाळकाने यात पडावं का, हा स्वतंत्र आणि अवघड विषय आहे, आज तो उघडत नाही. ५ एप्रिल १९४३ ला त्यांना अटक झाली. त्याच वर्षी जानेवारीत मारिया फॉन वेडमायर हिच्याशी त्यांचं लग्न ठरलं होतं.

बर्लिनच्या टेगेल तुरुंगात ते दीड वर्ष होते. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्या कैद्यांमध्ये आता ते स्वतः. भावाचा चेहरा नाही, सामुदायिक गीत नाही. मंडळीला गाताना ऐकून वर्ष उलटलं, तरी मनातल्या मनात ते गीतं आठवून ऐकत. स्तोत्रं रोज वाचत, चर्चच्या वर्षातले सण कोठडीत पाळत. १९४३ च्या नाताळात त्यांनी इतर कैद्यांसाठी प्रार्थना लिहिल्या आणि त्या गुपचूप कोठड्यांमध्ये पोचल्या. एकत्र जमता येत नव्हतं, तर निदान शब्द एक असावेत.

आता शेवटचा रविवार.

फेब्रुवारी १९४५ मध्ये त्यांना बुखनवाल्ड छावणीत नेलं आणि एप्रिलच्या सुरुवातीला काही कैद्यांबरोबर दक्षिणेकडे हलवलं. जर्मनी कोसळत होती, तोफांचे आवाज ऐकू येत होते. हा गट बव्हेरियातल्या शोनबर्ग गावच्या शाळेत येऊन थांबला. ८ एप्रिल, पुनरुत्थान सणानंतरचा पहिला रविवार. एका कॅथलिक कैद्याने सुचवलं की पास्टर, आपण उपासना करू या. बॉनहॉफर कचरले. खोलीत बरेच जण कॅथलिक, शिवाय कोकोरिन नावाचा रशियन अधिकारी, मोलोटोव्हचा पुतण्या, देव न मानणारा. त्यांच्यावर आपली उपासना लादायला नको. पण कॅथलिकांनी आग्रह धरला आणि कोकोरिनही तयार झाला. मग त्यांनी त्या दिवसाच्या पुस्तिकेतली वचनं घेतली, यशया ५३:५ आणि १ पेत्र १:३, आणि त्यावर बोलले. ती दोन्ही वचनं आज जरूर काढून वाचा. जर्मन, इंग्रज, रशियन. कॅथलिक, प्रोटेस्टंट, नास्तिक. ना वेदी, ना ऑर्गन, ना खात्री की संध्याकाळी कोण जिवंत असेल. रोममध्ये अठराव्या वर्षी जे पाहिलं होतं ते आता एका शाळेच्या खोलीत मावलं होतं.

दुसऱ्या खोलीतल्या कैद्यांनाही तशीच उपासना हवी होती. तोवर दारात दोन माणसं आली आणि बॉनहॉफर यांना सामान घेऊन चला म्हणाली. निघताना त्यांनी इंग्रज कैदी पेन बेस्ट यांच्याजवळ बिशप बेल यांच्यासाठी निरोप दिला. रात्री फ्लॉसेनबर्गच्या छावणीत चौकशीचा देखावा झाला आणि ९ एप्रिलच्या पहाटे त्यांना फाशी दिलं. दोन आठवड्यांनी अमेरिकन सैन्य त्या छावणीत पोचलं.

त्याच महिन्यात त्यांचे भाऊ क्लाऊस आणि दोन मेहुणेही मारले गेले. बर्लिनमध्ये म्हातारे आईवडील वाट बघत होते. युद्ध संपून कितीतरी आठवडे डिट्रिखबद्दल पक्कं काही कळेना. २७ जुलै १९४५ ला लंडनच्या होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन चर्चमध्ये त्यांच्यासाठी स्मरणाची उपासना झाली. बिशप बेल बोलले, फ्रान्झ हिल्डेब्रांट बोलले, बाकांवर साबीना आपल्या कुटुंबासह होती. शत्रूराष्ट्राच्या एका पाळकासाठी इंग्रजांनी गीतं गायली. बीबीसीने ती उपासना रेडिओवरून प्रसारित केली, आणि उद्ध्वस्त बर्लिनमधल्या त्या घरात, जिथून बाहेर पडायची सोयच नव्हती, आईवडील रेडिओजवळ बसून मुलाच्या स्मरणाची ती पूर्ण उपासना ऐकत होते.